दुपारी जाणारी लिंक

माझं सगळं आपल्याला माहीत आहे, असं माझी बायको म्हणते. मी तिला तसं म्हणू देतो. पण एक गोष्ट तिला माहीत नाही. तिलाच काय, कुणालाच नाही. रेवसला माझा सख्खा भाऊ राहतो, त्याच्याशी मी सगळं बोलतो. पण हे नाही बोललो. आज तुम्हाला सांगतोय. तुम्हालाच का? तुमची-माझी ओळख नाही म्हणून असेल. सांगता सांगता समोरच्याचा चेहरा बदलताना बघायची माझी तयारी नाही — तुमचा चेहरा मला दिसणार नाही, एवढंच.

आधी मी काय करतो ते सांगतो. अलिबागेत माझं लहानसं दुकान आहे, नेटवर्कच्या कामांचं. एखाद्या ऑफिसातले, शाळेतले, लॉजमधले कॉम्प्युटर एकमेकांना जोडून द्यायचे, हे रोजचं काम. त्याहून वरचं काम म्हणजे एका जागचं नेटवर्क दुसऱ्या जागच्या नेटवर्कला जोडणं, आणि तेही इतकं वेगवान की दोन्हीकडच्या माणसांना आपण एकाच इमारतीत बसलोय असं वाटावं. या कामाची मला फार हौस होती. आमचा किनारा खाड्यांनी जागोजाग कापलेला. समोर दिसणाऱ्या गावाला जायचं तर बोट धरा, नाहीतर अख्ख्या खाडीला वळसा घाला. केबल टाकणारे असल्या ठिकाणी फिरकत नसत. तिथं मी जायचो. दोन काठांवर दोन डिश, एकमेकींकडे तोंड करून, आणि पाण्यावरून सरळ हवेतून लिंक. पहिल्यांदा लिंक लागली की दोन्हीकडे हिरवा दिवा पेटतो. तो दिवा बघायला मी वेड्यासारखा उन्हातान्हात गच्च्यांवर चढायचो.

हे सगळं सांगून मी स्वतःला बरा माणूस ठरवतोय का? असेल. तुम्ही तिकडे लक्ष देऊ नका.

एका ट्रस्टचं हॉस्पिटल होतं, मुरुडच्या बाजूला, खाडीच्या तोंडाशी. नाव सांगत नाही. खाडीपलीकडे, दिघीच्या अंगाला, त्यांचाच एक दवाखाना. दवाखान्यात एक्स-रेचं मशीन होतं, पण एक्स-रे बघणारे डॉक्टर हॉस्पिटलात. दोन्हीकडचं नेटवर्क जोडायचं काम मला मिळालं. माझं तोपर्यंतचं सगळ्यात मोठं काम. मी अध्यक्षांसमोर छातीठोकपणे सांगितलं होतं, "तिकडे फोटो निघाला की इकडे डॉक्टरांच्या पडद्यावर. मधे खाडी आहे हेच विसराल तुम्ही."

आणि तसं झालंही. पहिले काही आठवडे.

दवाखान्यात टेबलावर मनीषा बसायची. तिथल्याच कोळीवाड्यातली सून. नवरा बोटीवर जायचा, सासू मासळी सुकवून बोर्ली पंचतनच्या बाजारात विकायची. मनीषानं बोर्लीलाच कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, लग्नानंतर, घरचं सगळं उरकून. त्या घरात खुर्चीवर बसून पगार घेणारी ती पहिलीच. पेशंटची नोंद करायची, एक्स-रे हॉस्पिटलला पाठवायचा, डॉक्टरांचा निरोप आला की नर्सला सांगायचा — सगळं ती बघायची. शिकायची भारी हौस. मी गेलो की विचारायची, "दादा, हा दिवा लाल झाला म्हंजे काय? आनि हा लुकलुकतो तो?" पुढेमागे हॉस्पिटलच्या मोठ्या ऑफिसात बदली मागायचं तिच्या मनात होतं. मला तसं म्हणाली होती एकदा.

मग लिंक जायला लागली.

रोज नाही. जायची ती दुपारी, जेवणाच्या सुमारास. थोडा वेळ जायची, आपोआप यायची. मनीषाचा फोन यायचा, "दादा, लिंक गेली." मी हातातलं काम टाकून निघायचो. अलिबागहून मुरुड, तिथून जेट्टी, बोट — पलीकडे पोचेपर्यंत लिंक परत आलेली असायची. दिवा हिरवा. मी डिश तपासायचो, वायरी बदलायचो, डिशला जोडलेला डबा बदलून बघितला. चार-पाच दिवस सगळं ठीक, आठवडाभर ठीक, की पुन्हा तिचा फोन. मला काही सापडत नव्हतं. रात्री झोप लागेना. एवढ्या फुशारक्या मारल्या होत्या, आणि आता हॉस्पिटलमधून कुणाचाही फोन आला की मी तो वाजू द्यायचो.

त्यात तो म्हाताऱ्याचा प्रसंग झाला. बोटीवर घसरून पडलेल्या एका म्हाताऱ्याला दवाखान्यात आणलं. मनीषानं एक्स-रे पाठवला, तो गेलाच नाही — लिंक बंद. वाट बघून शेवटी घरच्यांनी त्याला उचलून बोटीत घातलं आणि तो कळवळत असतानाच अलीकडे आणलं. त्याला हलवायला नको होतं, डॉक्टर म्हणाले. मणक्याचं दुखणं होतं. म्हातारा जगला, पण घरच्यांनी हॉस्पिटलच्या दारात आरडाओरडा केला. त्यांचं काय चुकलं?

मला बैठकीला बोलावलं.

आता मुद्द्याची गोष्ट — थांबा, त्याआधी एक सांगायला हवं, नाहीतर मी पुढे जे केलं ती नुसती चूक वाटेल, आणि ती चूक नव्हती. डिशला जोडलेला जो डबा असतो त्याला विचारता येतं की बाबा, तू शेवटचा बंद होऊन किती काळ झाला. लाईट गेली किंवा कुणी बटण दाबलं तर तो आकडा पुन्हा शून्यापासून सुरू होतो. बैठकीच्या आदल्या दिवशी मी तो बघितला होता. पलीकडचा डबा, मी बदलून लावल्यापासून कित्येक आठवड्यांत, एकदाही बंद झालेला नव्हता. म्हाताऱ्याच्या दिवशीही नाही. म्हणजे लिंक जात होती ती बटणामुळे नाही, लाईटमुळे नाही, कुणाच्या हातामुळे नाही. हे मला माहीत होतं. बैठकीच्या खोलीत पाऊल टाकताना माहीत होतं.

खोलीत अध्यक्ष, डॉक्टर आणि दवाखान्याचं कामकाज बघणाऱ्या घाणेकर सिस्टर. डॉक्टर वैतागलेले होते. म्हणाले, "मला टेक्निकल काही सांगू नका. प्रॉब्लेम कुठे आहे?"

'माहीत नाही' — दोन शब्द. एवढे म्हणायचे होते. म्हटलं असतं तर काय झालं असतं? काम गेलं असतं, दुसऱ्या कुणाला दिलं असतं. हसले असते थोडे. बस.

मी म्हटलं, "पलीकडच्या टोकाला आहे."

"काय आहे पलीकडे?"

"डब्याची पॉवर जाते."

"दुपारी लाईट असते की तिकडे," घाणेकर सिस्टर म्हणाल्या.

"लाईट असते. बटण बंद होतं." आणि मग मी पुढचं म्हटलं — हळू आवाजात, जणू मला सांगायला नको वाटतंय. "त्याच बोर्डाला मोबाईल चार्जिंगला लावलेला असतो. मी पाहिलाय."

पाहिला होता. एकदा. शेजारच्या सॉकेटमध्ये होता, डब्याला धक्काही न लागता. खोटं बोलायला खऱ्याचा एवढा तुकडा पुरतो, हे मला त्या दिवशी कळलं.

"म्हणजे जेवायच्या सुट्टीत मोबाईल बघत बसते आणि आपला डबा बंद करते?" डॉक्टर म्हणाले. "मनीषा?"

मी "हो" म्हटलं.

सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "पोरगी तशी नाहीये हो." मी खाली बघितलं. त्यांनाही वाटलं असेल, मला वाईट वाटतंय.

मनीषाला कामावरून काढलं. अध्यक्ष म्हणाले, डबा आता कुणाचा हात पोचणार नाही अशा जागी हलवा. मी दवाखान्याच्या पाण्याच्या टाकीवर नवीन खांब उभा केला, डिश आणि डबा दोन्ही तिथं वर नेले, कुलूप लावलं. आणि — यावर विश्वास ठेवा — त्या दिवसापासून लिंक जायची थांबली. एकदाही गेली नाही. मी थक्क झालो, पण कारण शोधायला गेलो नाही. सगळे म्हणाले, बघा, हातातून काढून घेतली आणि सुरळीत झाली. आता तिच्या बाजूनं बोलणार कोण? काही दिवसांनी मलाही वाटायला लागलं की खरंच तिनं काही केलं असेल. माणूस आपलंच खोटं किती लवकर खरं मानायला लागतो, नाही?

टाकीवरचं काम संपवून मी परत निघालो तेव्हा ती जेट्टीवर आली होती. बोटीची वाट बघत मी उभा, हत्यारांची पिशवी पायाशी. ती रडत नव्हती. रागावलेलीही नव्हती, गोंधळलेली होती.

"दादा, तुमाला तर ठाव हाय. दर टायमाला मीच तुमाला फोन करायची ना? मीच बटन बंद करीन नि मीच फोन करून सांगीन, असं कुनी करल का?"

इतकं सरळ होतं ते. त्या खोलीत हे कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण तिला कुणी विचारलंच नव्हतं.

"तुमी सांगा ना त्यांना. तुमचं ऐकतील ते."

"सांगतो," मी म्हटलं.

बोट आली, मी चढलो. मी कुणाला काही सांगितलं नाही.

पुढे कळलं, घाणेकर सिस्टरांनी अध्यक्षांशी भांडून तिच्या कागदावर वाईट शेरा मारू दिला नव्हता. काम चांगलं होतं, असा दाखलाही दिला. तो घेऊन ती दोन-तीन ठिकाणी गेली. पण आपल्याकडे कागदाच्या आधी गोष्ट पोचते. मोबाईलपायी म्हाताऱ्याचे हाल केले ती ही, असं बोललं जायचं. तिला कॉम्प्युटरचं काम पुन्हा मिळालं नाही. सासूबरोबर ती मासळी सुकवायला लागली.

त्या वर्षीचा मोसम संपता संपता एक बोटवाला माझ्यासाठी पुडा घेऊन आला. आत सोडे — सोलून सुकवलेली कोळंबी, चांगली मोठी, निवडून घेतलेली. सोबत निरोप, "मनीषानं सांगितलंय, दादांनी माझ्यासाठी शब्द टाकला म्हणून निदान दाखला तरी चांगला मिळाला."

तिला वाटलं होतं की मी सांगितलं. जेट्टीवर म्हटलं होतं ना — सांगतो.

मी पुडा परत पाठवायला हवा होता. नाही पाठवला. परत पाठवला तर का पाठवला ते सांगावं लागलं असतं. पुढच्या वर्षी पुन्हा पुडा आला. मग दर वर्षीच.

आता तुम्ही म्हणाल, निदान लिंक का जात होती हे तुला माहीत नव्हतं. खरंय, नव्हतं. पण तेही पुढे कळलं. दोनेक वर्षांनी मी रेवसच्या बाजूला असंच एक काम करत होतो, खाडीच्या दोन काठांवरच्या दोन ऑफिसांचं. नवी लिंक, आणि दुपारी अचानक सिग्नल पडायला लागला. मी जेट्टीच्या पायऱ्यांवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो होतो. भरती चढत होती. पाणी एकेक पायरी गिळत वर येत होतं आणि माझ्यासमोर सिग्नलचा आकडा खाली खाली चालला होता. पाणी भरलं तशी लिंक गेली. मी काहीच केलं नाही, बसून राहिलो. ओहोटी लागली, पाणी जरासं उतरलं, आणि लिंक आपोआप आली.

साधी गोष्ट आहे. डिशमधून निघालेली लहर थोडी सरळ समोर जाते आणि थोडी पाण्यावर आपटून जाते. पाणी एका ठरावीक उंचीला आलं की ही आपटून आलेली लहर सरळ आलेल्या लहरीला नेमकी मारते. डिश थोडी वरखाली केली की हिशोब बदलतो, लिंक जात नाही. टाकीवर मी नेमकं हेच केलं होतं, नकळत. आणि अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासची उधाणाची भरती आमच्याकडे दुपारीच येते, जेवणाच्या सुमारास. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी या पाण्याशेजारी जन्मलो. मला सुचलं नाही, कारण मी पाण्याकडे बघतच नव्हतो, मी सुटायची वाट शोधत होतो.

त्या पायऱ्यांवर बसल्या बसल्या मला मनीषाचा जेवणाचा डबा आठवला. ती टेबलावरच जेवायची, लिंक गेली तर लगेच कळावं म्हणून.

त्या क्षणी माझ्या हातात पुरावा होता. अध्यक्षांना फोन करून सांगता आलं असतं, तेही किती सोपं होतं! भरतीचं कारण सांगायचं, गैरसमज झाला म्हणायचं, तिला परत घ्या म्हणायचं. माझं खोटं तरीही झाकलेलं राहिलं असतं कदाचित. पण डॉक्टर हुशार माणूस. त्यांनी विचारलं असतं, मग बटण बंद होतं असं तुम्ही कशावरून म्हणालात? — हा एक प्रश्न. त्याला भिऊन मी फोन केला नाही. तिची नोकरी एका पारड्यात आणि माझ्यासाठी एक अवघडलेला क्षण दुसऱ्यात. मी तो लॅपटॉप मिटला आणि घरी आलो.

अजून एक राहिलंय. सगळ्यात लाजिरवाणं तेच, म्हणून शेवटी ठेवलं.

यंदा हिवाळ्यात एका कामासाठी दिघीला गेलो होतो. जेट्टीवर मनीषा भेटली. आता जरा भरलीय, केसांत एखाददुसरी चांदी. ऐकेचना, घरी चला, च्या घेतल्याशिवाय सोडायची नाय. मी गेलो. अंगणात मासळी वाळत घातलेली, सासू राखणीला बसलेली. नवरा जाळं शिवत होता. मनीषानं मला खुर्ची दिली आणि सासूला म्हणाली, "आई, हेच ते दादा."

सासूनं मला निरखून बघितलं. मनीषा आत जाता जाता थांबली. हसत म्हणाली, पण ते हसणं वेगळं होतं, "दादा, तुमीच सांगा आईंना आता. इतकी वरसं झाली, काय झालं की ऐकवतात, मोबाईलपायी नोकरी घालवलीस. ह्यांना पन तसंच वाटतं. सांगा, मी बटन बंद केलं व्हतं का?"

नवऱ्यानं जाळ्यातून मान वर केली. तिघंही माझ्याकडे बघत होती.

"नाही," मी म्हटलं. "मनीषाची काही चूक नव्हती. तिनं कधीच बटण बंद केलं नाही."

म्हटलं मी ते. स्पष्ट म्हटलं. मनीषानं पदर तोंडाला लावला. नवऱ्यानं जाळं बाजूला ठेवलं. मला वाटलं, झालं, सुटलो.

सासूनं विचारलं, "मंग चूक कोनाची व्हती?"

म्हातारीचा आवाज चढलेला नव्हता. तिला नुसतं जाणून घ्यायचं होतं. मी तिच्याकडे बघितलं आणि म्हटलं, "भरतीची."

मग मी सगळं समजावून सांगितलं, उधाणाचं पाणी कसं चढतं, लहर कशी आपटते, लिंक कशी जाते. हातवारे करून सांगितलं. त्यांना पटलं. पाण्याचं त्यांना लगेच पटतं. सासू म्हणाली, "पान्याफुडं कोनाचं काय चालतंय," आणि सुनेकडे वळून म्हणाली, "मी उगाच बोलली गो तुला." मनीषा माझ्याकडे असं बघत होती की मी कुणीतरी मोठा माणूस आहे. इतकी वर्षं लक्षात ठेवून, घरी येऊन, चारचौघांत सांगणारा.

पाण्यानं लिंक पाडली होती. तिचं नाव पाण्यानं घेतलं नव्हतं. ते मी घेतलं होतं, एका खोलीत, खुर्चीवर बसून, सगळं माहीत असताना. हे त्या अंगणात कुणाला माहीत नव्हतं आणि मी सांगितलं नाही. चहा प्यायलो. निघताना म्हातारीनं स्वतःच्या हातानं सोडे बांधून दिले. मी नको म्हटलं, एकदाच, म्हणायचं म्हणून.

पुडा घरी आणला. रविवारी बायकोनं सोड्यांची खिचडी केली. मी दोनदा वाढून घेतली.